दिवसाला शंभर काडतुसं

(आपल्या मंचाच्या सेंदाई येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. – संपादक)



मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'घरातली प्रोग्रेसिव्ह प्रेस' असा गेला आणि मला दोन फोन आले. एका गृहस्थांनी विचारलं, घरबसल्या पुरोगामी मासिक कसं चालवायचं, हे सांगणार का? दुसऱ्या एका बाईंनी तर मी वृत्तपत्रांच्या आजच्या अवस्थेवर बोलणार असं गृहीत धरून दोन कात्रणंही पाठवली. दोघांची माफी मागते. प्रोग्रेसिव्ह प्रेस हे एक यंत्र आहे आणि त्यावर बंदुकीची काडतुसं भरतात. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी एका बाजूने घालायची, दांडा ओढत राहायचं, आणि दुसऱ्या बाजूने नवं काडतूस खालच्या डब्यात टपकन पडतं. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माझ्या मामेभावाच्या गॅरेजमध्ये मी हे यंत्र बसवायला मदत केली. तिथे जे घडलं त्यामुळे सेंदाईतल्या माझ्या शेजारच्या आजोबांची वही मला वेगळ्या नजरेने दिसायला लागली. आज त्या दोन्हीबद्दल बोलायचं आहे.

आता आपल्यासारख्या मंचावर बंदुकीचा विषय कशाला, असं काहींना वाटेल. मलाही वाटलं होतं. 'पुंगळी' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचला तो २० ऑगस्ट २०१३ नंतरच्या बातम्यांत. दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश या चौघांच्याही खुनांच्या तपासात गोळ्या आणि पुंगळ्यांवरच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून पाहाव्या लागल्या. बंदुकीचा तिटकारा असणं मला समजतं, माझ्यातही तो आहे. पण तिटकारा म्हणजे माहिती नव्हे. आणि काडतूस ही वस्तू नेमकी काय आहे, हे शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसतं, असा माझा अनुभव आहे.

माझी या वस्तूशी ओळख जुनी आहे. आमचे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. हा कारखाना १८६९ चा. (२०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडियाकडे आहे.) बाबा घरी कामाबद्दल अक्षरही बोलत नसत. पण देवघरात काड्यापेटी सोडून घरात दुसरीकडे कुठेही काड्यापेटी दिसली की ते ती उचलून ठेवत, आणि शर्टाचे खिसे दोनदा चाचपल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. आम्ही भावंडं त्यांची नक्कल करून हसायचो.

पुढे मी धातुशास्त्रात पडले आणि डॉक्टरेटसाठी सेंदाईला आले. होंडा कोतारो यांनी १९१७ मध्ये केएस पोलाद शोधलं तेव्हापासून हे धातुवाल्यांचं गाव आहे. इथे राहून मला आता वीस वर्षं होत आली. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय चौऱ्याहत्तर, शिकारीचा परवाना असलेले. मी धातूंवर काम करते हे कळल्यावर ते एकदा चहाच्या डब्यात दहा-बारा पितळी पुंगळ्या घेऊन आले. सगळ्यांची मान उभी चिरलेली. म्हणाले, सेन्सेई, हे असं का होतं?

कारण सोपं होतं. पुंगळीचं पितळ साधारण सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्ताचं असतं. गोळी उडाली की मान फुगते. पुन्हा भरताना ती डायमध्ये दाबून मूळ मापाची करतात. फुगवा, दाबा, फुगवा, दाबा. लोखंडी तार हातात वाकवून वाकवून तोडतो ना, तसंच. धातू कडक होत जातो आणि एक दिवस चिरतो. मान ठरावीक तापमानाला तापवून मऊ केली की पुंगळीचं आयुष्य वाढतं. आजोबांना मी सूक्ष्मदर्शकातले फोटो दाखवले आणि बरोबर आपल्याकडची एक गोष्टही सांगितली. ती तुम्हालाही सांगते, कारण आमच्या विषयात ती शिकवतात आणि आपल्या लोकांना मात्र ती माहीत नसते. इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या लष्करात पावसाळ्यात ठेवलेली काडतुसं न उडवताच तडकायची. काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघे, हवेत दमटपणा, आणि पितळ ओढून-दाबून बनवताना त्यात ताण उरलेला. तीन गोष्टी एकत्र आल्या की पितळ फाटायचं. पावसाळ्याच्या मोसमात होतं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. त्याचं नीट कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं. १८५७ च्या काडतुसांवरच्या चरबीबद्दल आपण शाळेत शिकतो. या तबेल्यातल्या काडतुसांबद्दल नाही.

आजोबा खूश झाले आणि मला त्यांचं टेबल पाहायला बोलावलं. तर आता काडतूस म्हणजे काय ते सांगते. त्याचे चार भाग. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली ठिणगीची टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. बंदुकीचा खिळा टोपीवर आपटतो, ठिणगी पडते, दारू जळून वायू होतो आणि गोळी पुढे जाते. पुंगळी मागे उरते. चार भागांत सर्वांत महाग भाग बहुधा तीच, म्हणून ती पुन्हा वापरायची. जुनी टोपी काढा, पुंगळी मापात आणा, नवी टोपी बसवा, दारू मोजून घाला, गोळी बसवा. आजोबांचं यंत्र साधं, एका वेळी एकच काम करणारं. ते आधी पन्नास पुंगळ्या मापात आणतात. मग पन्नासांना टोप्या. मग लाकडी ठोकळ्यातल्या पन्नास भोकांत त्या ओळीने उभ्या करतात, प्रत्येकीत तराजूवर तोललेली दारू घालतात आणि टॉर्च घेऊन वरून एकेकीत डोकावतात. पन्नासांची पातळी सारखी दिसली की मगच गोळ्या. पन्नास काडतुसांना त्यांची अख्खी संध्याकाळ जाते. टेबल भिंतीला बोल्टांनी जखडलेलं आहे. इथे बोल्ट भूकंपासाठी असतात. मार्च २०२२ च्या धक्क्यात आमच्या स्वयंपाकघरातला ओटा सोडून सगळं हललं, त्यांचं टेबल हललं नाही.

आता अमेरिकेकडे वळते. माझा मामेभाऊ टेक्ससमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला मी दादा म्हणते. दादाने पन्नाशीत पिस्तुलाच्या नेमबाजीचा छंद धरला. आपल्याकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, यांच्यामुळे नेमबाजी आता कोल्हापूरकरांचा खेळच झाला आहे, आणि दादा मूळचा कोल्हापूरचा. कोविडच्या काळात अमेरिकेत काडतुसांचा तुटवडा झाला, भाव वाढले, टोप्या तर मिळेनात. तेव्हापासून त्याच्या डोक्यात घरी भरायचं होतं. स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायची असतील तर लागतो. मी परिषदेसाठी गेले आणि दहा दिवस त्याच्याकडे राहिले, तर गॅरेजमध्ये खोकं तयारच होतं. "बये, तू धातूची डॉक्टर ना? मग लाव हे मला."

प्रोग्रेसिव्ह प्रेसची कल्पना कळायला तुम्ही काईतेन सुशी डोळ्यांसमोर आणा. एक गोल थाळी, तिच्या कडेला चार-पाच खाचा, प्रत्येक खाचेत एक पुंगळी. थाळीच्या वर डोक्यावर तितक्याच डाय बसवलेल्या. दांडा एकदा ओढला की सगळ्या पुंगळ्या एकदम वर जातात. पहिलीची जुनी टोपी निघते, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते, चौथीचं तोंड आवळलं जातं. दांडा परत जाताना नवी टोपी बसते. थाळी एक घर पुढे, पुन्हा दांडा. आजोबा जी पाच कामं पाच फेऱ्यांत करतात ती इथे एका ओढीत होतात. महागड्या यंत्रांत थाळी आपोआप फिरते, आमच्या यंत्रात ती अंगठ्याने सरकवावी लागे. तरीही तासाला तीन-चारशे काडतुसं सहज.

बसवण्याचं काम मला आवडलं, हे लपवत नाही. पहिला दिवस टेबलातच गेला. दादाचं टेबल हलकं होतं, दांडा ओढला की सगळं नाचायचं. यंत्र नाचलं की दारू मोजणारा डबाही हादरतो आणि माप कमीजास्त होतं. जाड फळ्या आणून ते भिंतीच्या खांबांना जखडलं. दुसऱ्या दिवशी डाय. इथे नियम एकच, आणि तो उत्पादकांच्या पुस्तिकांत लिहिलेला असतोच: थाळी भरायची नाही, एकच पुंगळी घ्यायची आणि ती पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकटी न्यायची. प्रत्येक घरात थांबून माप घ्यायचं, डाय पाव फेरी वरखाली करायची. चारही घरं एकटीने पार केल्यावरच दुसरी. दारूचं माप कंपनीच्या छापील तक्त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि दहा-दहा वेळा तोलून पाहायचं. पिस्तुलाच्या काडतुसात दारू किती, तर दोन-तीन गुंजा. आपल्या सोनाराच्या गुंजा. इतक्याशा मापात एका गुंजेची चूक किती मोठी, ते तुम्हीच बघा.

तिसऱ्या दिवशी यंत्र चालू झालं. दादा खुर्चीवर, हातात दांडा. त्याची तेरा वर्षांची मुलगी शेजारी, पुंगळ्या आणि गोळ्या ठेवायला. गॅरेजच्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर क्रिकेट लागलेलं. मी मागे उभी. साठ-एक काडतुसं झाली असतील, आणि एक टोपी तिरकी बसली. दांडा अर्ध्यात अडला. दादाने तो मागे घेतला, पुन्हा ओढला, मग अडलेली पुंगळी काढून पाहिली, परत ठेवली, थाळी अंगठ्याने सरकवली, आणि पुढे चालू. सगळं मिळून पंधरा सेकंद. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि मी धातूची डॉक्टर. भाची म्हणाली, "बाबा, मघाच्या एकीत मला काळं काही दिसलंच नाही." दादा म्हणाला, तुला वाटलं असेल. ती गप्प झाली. दोन मिनिटांनी मला हळूच म्हणाली, "आत्या, मी खरंच बघत होते गं."

दारू नसलेलं काडतूस निरुपद्रवी असतं असं कुणाला वाटेल. तसं नाही. एकट्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज बारीक येतो, नेमबाजाला वाटतं काडतूस फुसकं निघालं, तो पुढचं उडवतो, आणि मग नळी फुटते. दुप्पट दारूचं काडतूस तर सरळच बंदूक फोडतं. म्हणून जाणते लोक शक्यतो अशी दारू निवडतात की दुप्पट पडली तर पुंगळी उतू जाईल आणि डोळ्याला दिसेल. दादाने निवडलेली दारू कमी जागा घेणारी होती. दुकानदाराने ती स्वस्त पडते म्हणून दिली होती.

मी म्हटलं, सगळी काडतुसं तोलू, हलकं सापडेल. तोलली. काही कळलं नाही. कारण पुंगळ्या निरनिराळ्या कंपन्यांच्या, त्यांच्या स्वतःच्या वजनातला फरकच दारूच्या वजनाइतका. म्हणजे तराजू चांगला असून उपयोग नाही. जे मोजायचं ते गोंगाटात बुडालेलं. प्रयोगशाळेत हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवते आणि गॅरेजमध्ये विसरले होते. शेवटी उपाय एकच, मोडणं. हातोडीसारखं एक साधन असतं, त्यात काडतूस उलटं अडकवून ठोकलं की गोळी आणि दारू सुटून येते. डब्यात त्रेसष्ट काडतुसं होती. दोन संध्याकाळी आम्ही तिघं ठोकत बसलो. एकेचाळिसावं रिकामं निघालं. दादा म्हणाला, सापडलं, आता बास. भाची म्हणाली, नको, सगळी. बावन्नाव्यात दुप्पट दारू होती.

दादा त्या रात्री जेवला नाही. वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही शास्त्रज्ञ ना, तुम्ही होतात म्हणून मी मुलीला तिथे बसू दिलं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर मी गॅरेजकडे जरा डोळे उघडून पाहिलं, आणि मला स्फोटापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली. रिकाम्या पुंगळ्या भरण्याआधी धुवून-घासून चकचकीत करतात. दादाकडे त्यासाठी थरथरणारं भांडं होतं, त्यात मक्याच्या कणसाचा भुसा आणि पुंगळ्या. भुसा चाळताना राखाडी धूळ उडायची. नेहमीच्या टोपीत शिशाचं संयुग असतं. ती उडाली की त्याची काजळी पुंगळीत राहते. ती धूळ शिशाची. आणि ते भांडं कुठे, तर कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी. चाळायचं काम भाचीकडे, कारण ती 'मदत' करायची. शिशाची सुरक्षित अशी पातळी कुठलीच नाही. अमेरिकेच्या सीडीसीने लहान मुलांच्या रक्तातल्या शिशासाठीची संदर्भ पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर इतकी खाली आणली. मी हट्टाने तिघांचं रक्त तपासायला लावलं. दादाचं ११, भाचीचं ६, वहिनींचं ३ च्या आत. दादा वर्षभर बंदिस्त रेंजवर जात होता, त्याचं समजू शकतं. तिचं ६ मला आजही झोंबतं. बंदुकीबद्दल आपण बोलतो तेव्हा गोळी कुणाला लागली एवढंच बोलतो. धुळीबद्दल कुणी बोलत नाही. होक्काइदोत शिकाऱ्यांनी मारून टाकलेल्या हरणांचं मांस खाऊन समुद्री गरुड शिशाने मरायला लागले, तेव्हा तिथे २००० पासून हरणाच्या शिकारीत शिशाच्या रायफल-गोळ्यांवर बंदी आली. गरुडांसाठी जे झालं ते गॅरेजमधल्या मुलांसाठी कुणी करायचं?

सेंदाईला परतले आणि आजोबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. उठून आतून एक वही आणली. इथे परवानाधारकाला काडतुसांची वही ठेवावी लागते. किती घेतली, किती भरली, कुठे उडवली, किती उरली. डिसेंबर २००७ मध्ये सासेबोच्या व्यायामशाळेत परवान्याच्या बंदुकीने गोळीबार झाला, त्यानंतरच्या कायदादुरुस्तीने ही वही आली. घरी ८०० पेक्षा जास्त काडतुसं ठेवायची नाहीत, तीही बंदुकीपासून वेगळ्या कुलपात. वर्षातून एकदा पोलीस बंदूक आणि वही दोन्ही पाहतात. परवान्याच्या वेळी शेजाऱ्यांकडे चौकशी होते. माझ्याकडेही एक तरुण पोलीस आला होता. आजोबांचं घरात भांडण होतं का, दारू किती पितात, असं त्याने विचारलं. माझं मराठी डोकं! मी क्षणभर दुसऱ्याच दारूचा हिशेब करायला लागले होते.

आणि त्या वहीत मला ती गोष्ट कळली जिच्यावरून आजच्या भाषणाचं नाव ठेवलं. जपानच्या स्फोटक द्रव्यांच्या कायद्यात काडतूस भरणं हे उत्पादन धरलं जातं, त्याला कारखान्यासारखी परवानगी लागते. पण शिकारी आणि नेमबाज यांना एक सूट आहे: स्वतःपुरती, दिवसाला शंभरपर्यंत. दारू आणि टोप्या विकत घ्यायला वेगळी परवानगी लागतेच. आता दिवसाला शंभर या आकड्याकडे जरा बघा. आजोबांच्या यंत्रावर शंभर म्हणजे दोन संध्याकाळी. त्यांना ही मर्यादा कधी आडवी येत नाही. दादाच्या यंत्रावर शंभर म्हणजे वीस मिनिटं. म्हणजे इथे प्रोग्रेसिव्ह प्रेसवर बंदी घालायची कुणाला गरजच पडली नाही. दिवसाला वीस मिनिटं चालवायला एवढं यंत्र कोण घेईल? कायद्याने यंत्राचं नावही न घेता वेग हाताच्या मापाचा ठेवला आहे.

मला हे फार आवडलं, आणि आवडलं म्हणूनच त्याच्यावर शंका घेणं माझं काम आहे. वहीने काय थांबतं? मे २०२३ मध्ये नागानोतल्या नाकानो शहरात चौघांचा जीव गेला, त्यात बंदूक परवान्याची होती. ८ जुलै २०२२ ला नारामध्ये शिंझो आबे यांना मारणाऱ्याने बंदूक घरी बनवली आणि दारूही घरीच. त्याच्याकडे ना परवाना ना वही. ज्याला मारायचंच आहे त्याला ती अडवत नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा, विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवणं गुन्हा, तरी गावठी कट्टे बनतातच. तेव्हा वही हा खुनावरचा इलाज आहे असं मी म्हणणार नाही. ती खुनी नसलेल्या माणसासाठी आहे. आमच्या दादासारख्या. पंधरा सेकंदांचा घोळ झाला तेव्हा त्याच्याकडे वही असती आणि तीत 'भरलेली किती, टोप्या किती गेल्या, दारूचा डबा किती हलका झाला' असं लिहायचं असतं, तर तो तिथेच थांबला असता. दादा काय मोजत होता? एका काडतुसामागे किती सेंट वाचले, आणि तासाला किती होतात. हे दोन्ही आकडे तो पाठ म्हणून दाखवायचा.

दुसरी बाजूही आजोबांनीच दाखवली. तोहोकूत अस्वलं गावात येतात, हे तुम्हाला सांगायला नको. २०२३ साली देशभरात दोनशेहून जास्त माणसं त्यांच्या हल्ल्यात सापडली. २०२५ मध्ये मृतांचा आकडा दहाच्या पुढे गेला. सप्टेंबर २०२५ पासून वस्तीत शिरलेल्या अस्वलावर नगरपालिकेच्या हुकमाने गोळी चालवता येते, आणि ऑक्टोबरमध्ये ती देशात पहिल्यांदा चालली ती आपल्या सेंदाईतच, ताईहाकू वॉर्डात. अकितात तर नोव्हेंबरमध्ये सैन्य आलं. पण ते पिंजरे वाहायला, गोळी मारायची ती शिकाऱ्यांनीच. आणि शिकारी कोण, तर सत्तरीतले आजोबा. नाकानोच्या घटनेनंतर काही प्रकारच्या बंदुकांचे नियम आणखी कडक झाले, तरुणांना या वाटेला येणं अवघड आहे. आजोबा म्हणतात, वही लिहायला माझी ना नाही, पण वही लिहिणारेच संपत आलेत. सिंधुदुर्गात ज्यांची घरं आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक, रानडुकरं नि माकडं, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. डुक्कर काही आचारसंहिता पाळत नाही, असं आमचे एक वेंगुर्ल्याचे नातेवाईक म्हणतात.

दादाला मी फोनवर जपानच्या शंभराबद्दल सांगितलं. तो भडकला. "इथे सरकारने येऊन माझी काडतुसं मोजायची का? मग बंदुका काढून घ्यायला किती वेळ?" मी म्हटलं, सरकारचं राहू दे, तू मोज. आम्ही बराच वेळ भांडलो. तुमच्यातही यावर दोन मतं असणार, आणि मला स्वतःला अमेरिकेत वहीचा कायदा आणता येईल असं वाटत नाही. पण काही गोष्टी त्याने केल्या. दारूची जात बदलली, आता दुप्पट पडली तर उतू जाते. थाळीवर दिवा लावला, म्हणजे गोळी ठेवण्याआधी पुंगळीत दिसतं. एका घरात दारूची पातळी कमीजास्त झाली की घंटा वाजवणारा भाग बसवला. टीव्ही घरात गेला. दांडा अडला तर थाळीवरच्या सगळ्या पुंगळ्या काढून बाजूला ठेवायच्या, हा नियम भिंतीवर लिहिला. पुंगळ्या आता पाण्यात घासतो, ते पाणीही बागेत ओतत नाही. भाची गॅरेजमध्ये जात नाही. तिचं चार महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा ४ आलं. दादाचं ९.

वही मात्र भाचीने ठेवली आहे. दारातून बाबांना आकडे विचारते आणि लिहिते. पहिले तीन आठवडे रोज, मग अधूनमधून. मागच्या फोनवर दादा म्हणाला, "तुझ्या जपानपायी घरात पोलीस बसलाय." मी विचारलं, शेवटची नोंद कितीची? त्याने तिला हाक मारली. आकडा आला दोनशे चाळीस.

आजोबांचा परवाना पुढच्या वर्षी नूतनीकरणाला येतो. त्यांनी अजून ठरवलेलं नाही.

तुमचे प्रश्न असतील तर घेते. आणि ज्या बाईंनी कात्रणं पाठवली होती, त्यांची कात्रणं मी आणली आहेत, चहाच्या वेळी घेऊन जा.